वारा भरल्याची खूण

"डावीकडे घे, गेझा, अजून डावीकडे. कठड्याला घासतोय."

"मग तू जरा वाक ना. सगळं वजन माझ्या अंगावर आलंय."

"सगळं वजन नेहमी तुझ्याच अंगावर येतं," मागून युलो म्हणाला. "म्हणून तर तुला आणतो." त्याच्या स्वतःच्या हातात ड्रमच्या दोन काठ्या होत्या आणि एक सफरचंद.

इम्रोचा विजेवरचा ऑर्गन आम्ही एका कापड गिरणीच्या सभागृहात चढवत होतो. दगडी जिना, सत्तावीस पायऱ्या. मार्च महिना होता, बाहेर बर्फ अर्धवट वितळून त्याचा चिखल झाला होता आणि तो आमच्या बुटांना लागून वर येत होता. इम्रो वरच्या बाजूने उलटा चढत होता, मी खालून पेलत होतो. बोटं सांभाळ, असं मी त्याला तीनदा सांगितलं. माझी बोटं चेंगरली तर चार दिवस दुखतील. त्याची चेंगरली तर त्या दिवशी सगळंच संपलं असतं.

ही गोष्ट १९७४ सालची, झिलिना शहरातली. आमचा देश तेव्हा कम्युनिस्ट राजवटीतला चेकोस्लोव्हाकिया होता आणि आम्ही त्यातले स्लोव्हाक. त्या काळी आमच्याकडे कोणालाही आपल्या मर्जीने स्टेजवर चढून वाजवता येत नसे. ठरावीक वर्षांनी सरकारी समितीपुढे जाऊन वाजवून दाखवायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग एका लहान पुस्तिकेत शिक्का मिळायचा. शिक्का नाही तर कार्यक्रम नाही, रेडिओ नाही, रेकॉर्ड नाही. चर्चशी नातं असलेल्याला तर तो मिळतच नसे.

आणि इम्रोची रेकॉर्ड तीन आठवड्यांवर आली होती. राजधानीतल्या स्टुडिओची तारीख मिळाली होती. त्याने बावीस मिनिटांची एकच रचना केली होती, ऑर्गन, बास गिटार आणि ड्रम या तिघांसाठी. रॉक म्हणावं तर त्यात चर्चच्या भिंती उभ्या राहायच्या. चर्चचं संगीत म्हणावं तर युलोचे ड्रम छातीवर येऊन आदळायचे. तिच्यावर त्याने चार वर्षं घालवली होती. त्याचं वय पंचवीस, माझं अठ्ठावीस. मी आठवडाभर लाकडाच्या वखारीत काम करायचो आणि सुट्टीच्या दिवशी त्याचा ऑर्गन उचलायचो.

परीक्षेचा अर्ज त्याने आदल्या आठवड्यात गाडीत बसून, मांडीवर पुठ्ठा ठेवून भरला होता. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. गावाबाहेरच्या आमच्या जिप्सी वस्तीतली मुलं शाळेच्या मागच्या बाकावर हिवाळ्यापुरती बसायची, तीही शेकोटीसाठी. म्हणून हातात कोणताही कागद आला की इम्रो तो मला वाचून दाखवायचा. ती त्याची लहानपणापासूनची सवय. त्या दिवशीही त्याने एकेक ओळ वाचली. नाव, इम्रिख गाल्बावी. शिक्षण, संगीत महाविद्यालय. मग म्हणाला, "धार्मिक संस्थेशी संबंध. नाही." हे वाचताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

कारण आमच्या कामेन्ना गावच्या चर्चमध्ये दर रविवारी सकाळी ऑर्गन तोच वाजवत होता. म्हाताऱ्या ऑर्गनवाल्याचा उजवा हात लुळा पडल्यापासून, तीन वर्षं. ऑर्गन वरच्या सज्जात असतो, खाली बसलेल्यांच्या पाठीमागे. वाजवणारा कोणाला दिसत नाही. पण गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि गावातल्या एकानेही कधी तोंड उघडलं नव्हतं. पोलीस चौकीतल्या हवालदाराची आईसुद्धा रविवारच्या प्रार्थनेनंतर म्हणायची, "आज म्हातारबुवांचा हात चांगला चालला." आणि हसायचीही नाही.

त्या ऑर्गनला वीज नव्हती. मागच्या अंधाऱ्या कोनाड्यात माणसाएवढा भाता होता, तो पायाने दाबून वारा भरावा लागे. ते काम माझं. तो अकराव्या वर्षी म्हाताऱ्याकडे ऑर्गन शिकायला लागला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, तेव्हापासून माझं. ऑर्गनच्या लाकडी पेटीमुळे आम्ही एकमेकांना दिसत नसू. म्हणून तो पेटीवर दोनदा ठोकायचा, म्हणजे मी तयार आहे. मी भाता दाबायला लागायचो. वारा पूर्ण भरला की मी आतून एकदा ठोकायचो. त्या एका ठोक्याशिवाय तो पट्टीला बोट लावत नसे. अर्ध्या वाऱ्यावर ऑर्गन आजारी गाईसारखा हंबरतो.

तर आम्ही ऑर्गन वर चढवला. सभागृहात चारशे खुर्च्या होत्या आणि माणसं तीन. पुढच्या रांगेसमोर हिरव्या कापडाचं टेबल, त्यामागे मधोमध अध्यक्षबाई, रंगवलेल्या तांबड्या केसांच्या. एका बाजूला कागद लिहिणारा पोरगेला कारकून. दुसऱ्या बाजूला लिश्का नावाचे गृहस्थ, संगीताचे जाणकार म्हणून नेमलेले. पन्नाशीचा माणूस, बारीक, अंगात हाताने विणलेला स्वेटर. पेन्सिलीला टोक काढत बसले होते.

आधी तोंडी प्रश्न झाले. युलोला अध्यक्षबाईंनी विचारलं, "पक्षाचं मागचं अधिवेशन कधी झालं?"

युलो विचारात पडला. "गुरुवारी?"

कारकुनाने खाली मान घातली. बासवाल्या विलोला लिश्कांनी स्वरांबद्दल दोन प्रश्न विचारले, त्याने दोन्हींची उत्तरं एकेका शब्दात दिली. दोन्ही बरोबर होती. मग इम्रो. त्याला संगीताबद्दल काही विचारावं लागलंच नाही, लिश्कांनी पहिला प्रश्न विचारला आणि पुढे दोघं पाच-सात मिनिटं असे बोलत राहिले, जणू गाडीच्या डब्यात समोरासमोर बसलेत. लिश्का एकदा हसलेही. अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं.

"अर्जात दिलेली सगळी माहिती खरी आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," इम्रो म्हणाला.

"मग वाजवा. नऊ मिनिटं आहेत."

मी स्टेजच्या कडेला, पडद्याशेजारी, ऑर्गनच्या रिकाम्या लाकडी खोक्यापाशी उभा होतो. इम्रो बसला. खुंट्या ओढून आवाज जुळवला. विलोने मान हलवली. युलोने काठ्या उचलल्या.

आणि इम्रोने उजव्या हाताची बोटं दुमडून ऑर्गनच्या लाकडावर दोनदा ठोकलं.

सवय. विजेच्या ऑर्गनला काय ठोकायचं असतं? पण तो प्रत्येक कार्यक्रमात ठोकायचा. लोकांच्या शिट्ट्या, आरडाओरडा, त्यात ते कोणाला ऐकू जाणार. इथे चारशे रिकाम्या खुर्च्या होत्या. त्या दोन ठोक्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला.

मी त्याचा चेहरा पाहिला. आपण काय केलं ते त्याला कळलं होतं. तरी तसं काही बिघडलं नव्हतं. वाजवणारे लोक सुरुवात करण्याआधी काहीबाही करतात, कोणी बोटं मोडतो, कोणी नाक पुसतो. त्याने लगेच बोटं खाली आणायला हवी होती. त्याने आणली नाहीत. हात पट्टीवर एक वीतभर वर तसेच राहिले. युलो त्याच्याकडे बघत राहिला.

मग कोणीतरी लाकडावर एकदा ठोकलं.

तो हात माझा होता. खोक्याच्या झाकणावर. मी ठरवून केलं नाही. शिंक येते तसं झालं. चौदा वर्षं ते दोन ठोके ऐकले की माझा हात उठत होता.

इम्रोने वाजवायला सुरुवात केली.

त्या नऊ मिनिटांबद्दल मी काय सांगू? अध्यक्षबाईंचं बोट टेबलावर ताल धरू लागलं होतं. कारकून लिहायचा थांबला. युलो, जो जन्मात कधी वेळेवर आला नाही, तो तिथे तालापासून तसूभरही हलला नाही. पण मी हे सगळं अर्धवटच पाहिलं, कारण लिश्का वाजवणाऱ्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

शेवटचा सूर विरला. लिश्कांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्ही ऑर्गन कुठे शिकलात?"

"महाविद्यालयात," इम्रो म्हणाला.

"तिथल्या ऑर्गनला मोटर आहे. मी तिथे शिकवलंय." मग ते हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "तुम्ही वाऱ्यासाठी ठोकलंत. आणि त्याने वारा भरल्याचं सांगितलं."

इम्रोने ऑर्गनचा स्विच बंद केला.

"माझे वडील ऑर्गन वाजवायचे," लिश्का म्हणाले. "नऊ वर्षं मी त्यांचा भाता दाबला. आमच्याकडेही असंच होतं. दोन, मग एक."

अध्यक्षबाई त्यांच्याकडे वळल्या. "कॉम्रेड लिश्का, काय म्हणायचंय तुम्हाला? हे चर्चमध्ये वाजवतात?"

लिश्कांनी चष्मा काढला. मला आजही वाटतं, ते वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं होतं, जसा माझा हात निसटला. त्यांना ते परत गिळायचं होतं. पण कारकुनाच्या हातात पुन्हा लेखणी आली होती.

"मी फक्त सवयीबद्दल बोललो," ते म्हणाले.

"मी त्यांना विचारते. गाल्बावी, तुम्ही चर्चमध्ये वाजवता?"

इम्रो उठून उभा राहिला. "वाजवतो."

"कधीपासून?"

"तीन वर्षं. दर रविवारी."

"आणि भाता कोण दाबतं?"

"गावातलं कोणीही. जो सापडेल तो."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हा?"

"तो हमाल आहे," इम्रो म्हणाला. "माझ्या सवयी त्याला पाठ आहेत."

ऑर्गन त्याच सत्तावीस पायऱ्यांवरून खाली उतरवला. उतरवताना कोणी डावं-उजवं बोललं नाही. आम्ही गाडीत बसलो. मग युलोने विचारलं, "गेझा, तू कशाला ठोकलंस रे?"

मी बुटाचा चिखल खरवडत राहिलो.

"मी कशाला ठोकलं ते आधी विचार," इम्रो पुढच्या सीटवरून म्हणाला.

युलोने खिशातून सफरचंद काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. पुन्हा कोणी विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

दहा दिवसांनी कागद आला. इम्रोने वखारीत येऊन, लाकडांच्या ढिगावर बसून तो मला वाचून दाखवला. अर्जात खोटी माहिती दिल्यामुळे परवानगी रद्द. स्टेजवर, रेडिओवर, रेकॉर्डवर बंदी. बस्स. एवढं वाचून त्याने घडी घातली.

"एवढ्या लांब कागदात एवढंच?" मी विचारलं.

"सरकारी भाषा. एकच गोष्ट तीनदा लिहितात."

स्टुडिओची तारीख दुसऱ्या कोणालातरी गेली. युलो एका हॉटेलच्या वाद्यवृंदात लागला, विलो लष्कराच्या बँडमध्ये. इम्रोला त्याच्या शिक्षणाचं काम कोणी देईना, आणि काम नसणं हा आमच्याकडे गुन्हा होता. तो गावच्या शाळेच्या तळघरात बॉयलरवर कोळसा टाकायला लागला. रविवारी मात्र चर्चमध्ये वाजवायचा. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं.

मी वखारीतून सुटलो की त्याच्याकडे जाऊन बसायचो. तळघर ऊबदार होतं. तिथेच त्याने मला अक्षरं शिकवली. बॉयलरच्या लोखंडी दारावर खडूने लिहायचा, दार तापलं की खडू पिवळा पडायचा. पहिले शब्द ऑर्गनचा आवाज बदलायच्या खुंट्यांवर असतात ते, कारण ते मला कानाने ठाऊक होते. मी छत्तीस वर्षांचा होतो. पोरांसारखं बोट ठेवून वाचायचो. एकदा वाचता यायला लागल्यावर मला राहवेना, कोळशाच्या पोत्यावरचं वाचायचो, आग विझवायच्या बादलीवरची सूचना वाचायचो. सगळं वाचून संपलं.

एका दुपारी तो वर मुख्याध्यापकांकडे गेला होता. त्याच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कागदाची जाड घडी घातलेली. मी ती वाचायला म्हणून काढली.

आठ वर्षांपूर्वीचा तोच कागद. वरचा शिक्का मी ओळखला. वाचायला मला बराच वेळ लागला. परवानगी रद्द, बंदी, हे सगळं त्याने सांगितलं तसंच होतं. त्याखाली मजकूर होता, तो मात्र मी कधी ऐकला नव्हता. गाल्बावी यांनी चर्चच्या कामात सामील असलेल्या व्यक्तींची, विशेषतः भाता चालवणाऱ्याची आणि बोलावणाऱ्या धर्मगुरूची नावे पंधरा दिवसांत लेखी कळवल्यास, परवानगीचा पुन्हा विचार करण्यात येईल.

इम्रो खाली आला तेव्हा कागद माझ्या हातात होता. त्याने पाहिलं आणि फावडं उचललं.

"हे तू मला वाचून दाखवलं नाहीस," मी म्हणालो.

"नाही."

"चार ओळी."

"पाच. शेवटची अर्धी आहे."

"माझं नाव लिहायचं होतंस. लिश्कांनी मला पाहिलंच होतं."

"पाहिलं होतं. कागदावर नव्हतं." त्याने बॉयलरचं दार उघडलं, दोन फावडी आत टाकली. आमच्या वस्तीतल्या माणसाला तुरुंगात टाकायला त्या काळात किती कारण लागायचं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"तारीख हातची गेली नसती, इम्रो. रेकॉर्ड निघाली असती."

"निघाली असती."

आठ वर्षं जे बोललो नव्हतो ते मी बोललो. "ठोकलं मी होतं. मी ठोकलं नसतं तर काहीच झालं नसतं."

"तू ठोकलं नसतंस तर मी सुरू केलं नसतं."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"मी थांबलो होतो ते तू पाहिलं नाहीस? सुरू करता येत होतं. युलो डोळे वटारून बघत होता." त्याने दार लावलं, फावडं भिंतीला टेकवलं. "त्या अर्जावर 'नाही' लिहिल्यापासून मला एकदाही नीट वाजवता आलं नव्हतं. तिथे बसलो आणि ठोकलं, आणि मग कळलं की आता कोणी उत्तर दिलं नाही तर मी नुसताच खोटं बोलून बसलेला माणूस आहे." त्याने हाताची काजळी पँटला पुसली. "आता ती घडी परत घाल. टेबल डुगडुगतंय."

मी घडी परत घातली.

सरकार पडलं १९८९ च्या हिवाळ्यात. पुढच्या वर्षी त्याला राजधानीतून बोलावणं आलं. ती बावीस मिनिटं त्याच्या डोक्यात आणि कोळशाने मळलेल्या चार वह्यांत होती. युलोचे केस गेले होते, विलोचे पांढरे झाले होते. ऑर्गन मी आणि स्टुडिओच्या दोन माणसांनी चढवला. पायऱ्या फक्त सहा होत्या.

मी दाराकडे निघालो तर इम्रो म्हणाला, "तू कुठे चाललास? तिथे उभा राहा." ऑर्गनच्या खोक्यापाशी माझ्यासाठी एक माईक लावलेला होता.

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला तरुण म्हणाला, "लाल दिवा लागला की सुरू करा."

लाल दिवा लागला. इम्रोने लाकडावर दोनदा ठोकलं.

"थांबा, थांबा," काचेपलीकडून आवाज आला. "काहीतरी खटखट आली. काढून टाकू ना?"

"नको," इम्रो म्हणाला. "पुन्हा घ्या."

दिवा विझला, परत लागला. त्याने दोनदा ठोकलं आणि हात पट्टीवर वीतभर वर धरले. बोटं आता पूर्वीची नव्हती, सांधे फुगले होते, नखांच्या कडेला कोळसा कायमचा बसला होता. माझा हात या वेळी आपोआप उठला नाही. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. युलो पाहत होता, विलो पाहत होता, काचेमागचा तरुण पाहत होता. इम्रोने कोणाकडेच पाहिलं नाही. तो थांबला होता.

मी हात उचलला आणि झाकणावर एकदा ठोकलं.

त्याने बोटं खाली आणली.